पोत्यांच्या पडद्यामागची म्हैस

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, त्या काळी मी चिखलीच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसत असे. माझे शिक्षण चौथीपलीकडे गेले नाही. तथापि माझ्या हातचा अर्ज साहेबांनी बाजूला सारला, असे सहसा घडले नाही. जागा प्रत्यक्ष पाहिल्याविना तक्रार लिहावयाची नाही, हा माझा दंडक होता.

वैशाखात उंद्रीची एक शेतकरीण आली. धाकट्या जावेने दृष्ट लावून आपल्या म्हशीचे दूध आटवले, अशी तिची तक्रार होती. नवरा येत्या बाजारी म्हैस विकणार होता. माहेराहून पारडी म्हणून आणून तिने ती वाढवली होती.

मी दुपारी तिच्या अंगणात पोहोचलो. भावाभावांच्या वाटणीत निंबाचे झाड जावेकडे गेले, म्हणून यांनी टिनाचा नवा गोठा उभारला होता. दृष्ट लागू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी पोती टांगली होती, तीही दुहेरी. पोते सारून मी आत शिरलो आणि भट्टीत पाय ठेवल्यासारखे झाले. म्हैस जीभ काढून धापा टाकत होती. गव्हाणीतला कडबा तसाच पडला होता. बादलीतले पाणी हाताला चहासारखे लागले.

"इथं लिहिणं व्हायचं नाही," मी म्हणालो. "जनावर बाहेर काढा. खुणा उजेडात लिहून घेतो."

सावली होती ती फक्त निंबाखाली. नवऱ्याने दावे सोडले, तशी म्हैस त्याला ओढतच तिकडे गेली. जाऊ दारातच उभी होती.

"काऊन बाई, आता म्हैस माह्या दारात?"

"तुह्याच नजरेनं आटली ते."

"नजर लावाले दिसली तं पायजे. तुमी तिले लोणच्याच्या बरणीवानी फडक्यात बांधून ठेवली."

नवऱ्याला हसू आले. बायकोने पाहताच तो बादली घेऊन विहिरीकडे वळला. जाऊ मात्र घरात गेली आणि भरली घागर आणून तिने म्हशीच्या पाठीवर ओतली. "मुक्या जनावराशी माहं काय वैर हाय, बाई?"

म्हशीची कातडी थरथरली. नवऱ्याने आणलेले गार पाणी ती पीतच राहिली. निंबातून वारा आला, हळूहळू तिच्या बरगड्या संथ झाल्या आणि ती रवंथ करू लागली. माझ्या हाती टाक तसाच राहिला.

त्या सांजेला दूध फार वाढले, असे नव्हे. पण म्हशीने पान्हा चोरला नाही. दूध म्हणजे पोटात गेलेला चारा, एवढीच माझी समजूत होती. सावली, वारा आणि पाण्याचा गारवा हेही कातडीतून कासेपर्यंत वाट काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिले. सर्व प्रसंगांची वाक्ये मजजवळ तयार असत. या प्रसंगाचे एकही नव्हते.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम उंद्रीला गेलो. नवरा जावेच्या अंगणात निंबाखाली खुंटा ठोकत होता.

"अजून अल्याड घ्या, भाऊजी," जाऊ सांगत होती. "अन् शेण माह्या उकिरड्यावर पडीन, आधीच सांगते."

"पडू दे," थोरली म्हणाली, "दूध तं माह्या घरी येते." तिच्या हातातली दुधाची चरवी निम्म्याहून वर भरली होती.

रस्त्याने लोक गुरे घेऊन बाजारी चालले होते. म्हैस डोळे मिटून उभी होती. मी तिच्यासमोर टोपी काढून कितीतरी वेळ उभा राहिलो.