गोदाने अडवलेला मचवा

मांडवीच्या आमच्या घरामागे गोदा खारवीण राहत असे. मोरी माशाच्या काळजाचे तेल काढणे हा तिचा धंदा. ते तेल मचव्यांच्या तळाला फासतात, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. तेलाचा वास आमच्या माजघरापर्यंत येई, आणि ते कढत असताना गोदा स्वतःशी बोले तेही ऐकू येई. बोलणे बहुधा एकच: शिवा अजून का आला नाही. शिवा तिचा एकुलता मुलगा, विशीतला, आत्माराम तांडेलाच्या मचव्यावर खलाशी. गोदाच्या नवऱ्याला समुद्राने नेले नव्हते. तो घरात, तापाने गेला. तरी तिची धास्ती सगळी समुद्राची. शेजारणी हसत, "पोरगा शिंकला तरी तुला वादळ दिसतं गो." ती म्हणे, "दिसतं तर खरं."

१९३१ साली आत्मारामने पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर ओढलाच नाही. ओढायला पुष्कळ हात लागतात, आणि वाडीतले तरणे बहुतेक मुंबईच्या गिरण्यांत. त्याने मचवा भाट्याच्या खाडीत आत नेऊन एका खुंटाला बांधून ठेवला. पुराने खाडी गोडी होते आणि गोड्या पाण्यात कीड मरते, हे इथे सर्वांना ठाऊक. पण त्या आषाढात पावसाने मोठी उघडीप दिली, आणि भरतीबरोबर खारे पाणी पुन्हा वर चढले.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी गोदा माझ्या मागील दारी उभी राहिली. ओच्यात लाकडाचा तुकडा.

"वैनी, तुमचं ते भिंग द्या."

तुकडा मचव्याच्या खुंटाचा होता. खुंट पाण्याखाली आपोआप मोडला होता. बाहेरून पाहिले तर टाचणीने टोचल्यासारखी भोके, एवढेच. गोदाने तो पायरीवर आपटला तेव्हा तो शिळ्या भाकरीसारखा फुटला. आत करंगळी जाईल अशी भुयारे, एकमेकांना खेटून, आणि त्यांत पांढरी, बुळबुळीत, लांबच लांब कीड.

शाळेत सिस्टर बर्नाडेटनी अशी एक बाटलीत घालून दाखवली होती. मी म्हटले, "ही अळी नव्हे, गोदा. डोक्याशी बघ." भिंगाखाली दोन इवल्या शिंपल्या दिसल्या, कानशीसारख्या खरखरीत. "यांनी ती लाकूड किसते. तिसऱ्या, कालवं असल्या शिंपल्यांच्याच कुळातली ही."

"तिसऱ्यांची भावकी?"

"हो."

"मग बरोबर. भावकीच घर खाते."

आम्ही दोघी हसलो. मग तिने भिंग शेपटाकडे नेले. तिथे दोन बारीक नळ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी वल्ह्याच्या पात्यासारखे दोन चिमुकले तुकडे. नळ्यांनी ती भोकातून पाणी आत घेते आणि बाहेर टाकते, हे मला आठवत होते. आणि ते दोन तुकडे म्हणजे तिचे दार. न मानवणारे पाणी आले की नळ्या आत ओढायच्या आणि भोक बुजवून टाकायचे. पुष्कळ दिवस ती तशी जगते.

"म्हणजे पूर आला तेवढे दिवस आत बसून राहिली," गोदा म्हणाली.

"राहिली असेल."

"आणि शेजारीच मचवा."

तिने भिंग परत दिले आणि तुकडा ओच्यात घेऊन ती निघाली.

संध्याकाळी आत्माराम तेल न्यायला आला. त्यांचे बोलणे मला कुंपणातून ऐकू आले.

"भावजी, मचवा वर घ्या. खाली माडाची झापं पेटवून शेक द्या, आत कीड असली तर मरेल."

"पुनव तोंडावर आली नि आता शेक? माणसं तू आणणार? मी तळ ठोकून बघितलाय. टणक हाय."

"खुंट पण टणकच दिसत होता."

"खुंट आंब्याचा. मचवा सागाचा. सागाला ती दात लावीत नाय."

"खालच्या दोन फळ्या गुदस्ता आंब्याच्याच घातल्यात. तेल माझंच होतं."

"गोदे, तू तेल काढ. तांडेल मी हाय."

शिवा तिथेच जाळे शिवत बसला होता. "आये, पुरे. लोक मला हसतात."

पौर्णिमेला आम्ही नारळ घेऊन किनाऱ्यावर गेलो. सणाला मुंबईचे चाकरमानी आले होते, त्यामुळे गर्दी होती. मचव्यांना पताका लावलेल्या. आत्मारामचा मचवा कमरेएवढ्या पाण्यात उभा, पूजेचे ताट तयार. विधवेने त्या दिवशी होडीच्या जवळ फिरकायचे नाही, होडी विटाळते, असा रिवाज. गोदा दरवर्षी तो पाळी आणि घरीच राही. त्या दिवशी ती वाळूवरून सरळ चालत आली, लुगडे भिजवीत पाण्यात शिरली, काठ धरून वर चढली आणि मचव्याच्या पुढच्या टोकाला, जिथे हळदकुंकू लावायचे तिथेच, जाऊन बसली.

मग एक म्हातारा म्हणाला, "झालं. वर्ष बुडवलंन."

"आये, उतर," शिवा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"उतरतंय. पण आता हा मचवा दर्यात घालणार कोण? शुद्ध करायला हवा. वर घ्या, जाळ दाखवा. माणसं आज आयती हायत."

आत्मारामने तिच्याकडे पाहिले. ती काय करून बसली होती ते त्याला सर्वांच्या आधी कळले असावे. शिव्या देत, पण सगळ्यांनी मिळून मचवा ओंडक्यांवरून वर घेतला.

जाळ दाखवल्यावर तळ तासून पाहिला, तर सागाच्या फळ्या धड निघाल्या. आंब्याच्या दोन फळ्यांत मात्र तासणीचा पहिला घाव बसताच तासणी दांड्यापर्यंत आत गेली. कोणी म्हणाले, मचवा जवळच्या मिऱ्याच्या टोकापर्यंतसुद्धा पोचला नसता. आत्माराम म्हणाला, दिवाळीपर्यंत सहज चालला असता. खरे काय ते कोणालाच कधी कळणार नव्हते, आणि गोदाच्या जिवाला तेच लागून राहिले.

फळ्या बदलेपर्यंत हंगामाची सुरुवात हुकली. आत्माराम वाईट माणूस नव्हता, पण खलाशांनी शिवाला परत घ्यायला नकार दिला. "उद्या आयस पुन्हा येऊन बसेल," असे ते म्हणत. दुसऱ्या तांडेलांनीही तेच सांगितले. आश्विनात आगबोटी सुरू झाल्या आणि शिवाने मुंबईला जायचे ठरवले.

त्याला पोचवायला मी गोदाबरोबर धक्क्यावर गेले. आगबोट दूर खोल पाण्यात उभी होती.

"वैनी, तिचा तळ पण लोखंडाचाच ना?"

"सगळी लोखंडाची."

"लोखंडाला काय लागतं?"

"गंज. पण तो बाहेरून दिसतो."

"मग बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारा पडाव धक्क्याला लागला. जुना, लाकडी. शिवा ट्रंक घेऊन त्यात उतरला आणि मागे न बघता बसला. गोदा काठाशी वाकून पडावाच्या पोटाकडे पाहू लागली.

"काय बघतंस गो?" पडाववाल्याने विचारले.

"काय नाय."

पडाव सुटला. मी निघू या म्हटले, पण तिने माझा हात धरून ठेवला होता. पडाव आगबोटीला टेकला, माणसे एकेक करून शिडीने वर चढली, तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला.