गोठ्याच्या जागी बंगला

विमान उडवायचा खेळ मूळचा माझा. सीडीवरून कॉम्प्युटरवर चढवलेला, जुनाट. खुब्याचं हाड मोडून आबा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले आणि तो खेळ त्यांचा झाला. घोडेगावच्या बाजारात जन्मभर बैलांची दलाली केलेला हा माणूस उशीला टेकून रोज संध्याकाळी पुण्याहून उडायचा आणि आमच्या गावाकडे यायचा. खाली सगळी सपाट तपकिरी जमीन. "आता आपलं रान आलं असंल," असं ते अंदाजानं म्हणायचे.

मग नगरच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं नवा सिम्युलेटर सुचवला. त्यात म्हणे उपग्रहाचे खरे फोटो, आपलं शिवारसुद्धा दिसतं. वर नवं मशीन अनामत न घेता घरी वापरून बघायला दिलं. मला तेव्हाच वास आला. फुकट घरापर्यंत चालत येणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. त्यात हा नवा खेळ आधी ईमेल मागतो, मग नेट मागतो, मग मी कुठे राहतो ते विचारतो. तुला काय करायचंय? जुन्यानं कधी माझं नावही विचारलं नव्हतं.

आबांचा संशय वेगळ्या जातीचा. "बैल जुपून, चालवून बघितल्याबिगर घेत्यात का? आपल्या रानावर ने."

नेलं. कॅनॉल, रस्ता, ओढा, सगळं जागच्या जागी. मीसुद्धा विरघळायला लागलो. विहीर दिसली तसे आबा उशीवरून पुढे सरकले. "खाली घे." मी विमान खाली घेतलं, तर विहिरीशेजारी आमच्या गोठ्याच्या जागी दोन मजली बंगला.

"रान इकलंस व्हय?"

"आबा, ते कॉम्प्युटरचं काम आहे. पत्र्याचं छप्पर दिसलं की त्याला घर वाटतं, मग तो आपल्या मनानं बांधून टाकतो. त्याच्या फोटोवर विश्वास ठेवू नका."

"हीर खरी, कॅनॉल खरा, आन् बंगला तेवढा खोटा?"

मी भडकलो. ते रान मी एकटा कसतोय आणि माझ्याच बापाला मी चोर वाटावा! मोबाईलवर गोठ्याचा फोटो काढून आणला, तर तो न बघताच परत केला. "फोटोवर इस्वास ठिवू नगं, तूच म्हनालास." त्या दिवशी त्यांनी ताटही बाजूला सारलं.

शेवटी शेजाऱ्याचा टेम्पो मागितला, मागे गादी टाकली, चौघांनी आबांना उचलून निजवलं. गोठा होता तिथेच होता, गंजक्या पत्र्यासकट. आबांनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. म्हणाले, "टेम्पो बांधाबांधानं घे." कांद्याची पात मागून घेऊन हुंगली, विहिरीला पाणी किती ते विचारलं आणि तिथंच भाकरी मागून पोटभर जेवले.

परतताना मी घुश्शातच विचारलं, "मग, कोणता ठेवायचा?"

"जुनाच. त्येला म्हाईत न्हाई ते त्यो दाखवत न्हाई."

मशीन परत केलं. पण मला एक गोष्ट राहून राहून खटकते. उपरण्याखाली बोटं धरून, भोवतालच्यांना भाव कळू न देता ज्यानं जन्मभर सौदे केले, मनातलं कधी तोंडावर दिसू दिलं नाही, त्याला तो बंगला खरंच खरा वाटला असेल?

काल संध्याकाळी जुन्या खेळातल्या तपकिरी जमिनीवरून उडता उडता आबा सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "खाली कुनी घर तर न्हाई ना बांधलं? बघून याया पायजे."

मी मुकाट्यानं टेम्पो मागायला गेलो.