सावलीचा आठवडा

आमच्या घरात देवघर नाही. सासरे भूगोलाचे शिक्षक होते, सणवार त्यांनी तरुणपणीच सोडले, आणि लग्नानंतर मलाही त्याची सवय झाली. अडचण आली ती लेक दुसरीत गेल्यावर. नाताळच्या सुट्टीआधी एकदा तिने मला दारातच अडवलं, "आई, थंडीतला आपला सण कोणता?"

मी खराडीच्या ऑफिसातून कोथरूडला घरी नुकतीच पोचले होते. "सुट्टी," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

सासऱ्यांनी मात्र प्रश्न मनावर घेतला. "बावीस तारखेला वर्षातला सगळ्यात लहान दिवस. भर दुपारची सावली त्या दिवशी सगळ्यात लांब. बघायची का?"

त्या आठवड्यात मी घरून काम करत होते, म्हणून मीही गच्चीवर गेले. कुंडीत उभी काठी, हातात खडू. बारा वाजून गेले तरी सावली आखडतच होती.

"आजोबा, तुमचं चुकलं."

"चुकलं नाही. साऱ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरच्या सूर्यावर लावलेलं आहे. पुण्याला तो अर्ध्या तासाने डोक्यावर येतो."

हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू आवळासुपारी वाळत घालायला आल्या होत्या. "काय सर, हा कोणता नवीन देव बसवलात?"

सासऱ्यांनी समजावून सांगितलं, की आजपासून सूर्य उत्तरेकडे वळतो. काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "अहो, पण ते तर संक्रांतीला ना?"

"एके काळी दोन्ही जवळपास एकाच वेळी यायचे. संक्रांत हळूहळू पुढे सरकली."

"आणि आम्ही आपले वाण लुटत बसलो!" म्हणत काकू तिथेच सावलीपाशी बसल्या.

साडेबाराच्या जरा पुढे सावली आखडायची थांबली. सासऱ्यांनी तिच्या टोकाशी रेघ मारली. लेकीने रेघेकडे बघितलं. "पण हीच सगळ्यात लांब, हे कसं कळणार? काल कुठे मोजली आपण?"

सासरे हसले. "बरोबर आहे. रोज मोजायला हवी."

दुसऱ्या दिवशी सावली त्याच रेघेवर आली. तिसऱ्या दिवशीही. सूर्य जागचा हलतच नाही, असं वाटायला लागलं. ऑफिसची मीटिंग म्यूट करून मी दुपारी जिने चढायला लागले. काकू मटारच्या करंज्या घेऊन यायच्या. सणाला गोडच हवं असं कुठे आहे, म्हणायच्या.

आठवडा झाला तेव्हा सावली खडूच्या एका रेघेएवढी आखूड पडली. काकू गुडघे टेकून, चष्मा लावून बघत होत्या. "सरकला हो, सरकला!" त्या ओरडल्या, आणि लेक गच्चीभर नाचली.

यंदा चौथं वर्ष. शाळेत सणावर निबंध लिहायचा होता, लेकीने याच सणावर लिहिला. बाईंनी समासात विचारलंय, "आम्हीही येऊ का बघायला?"