चाकाचं कुंकू

वीरभद्रच्या दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास फसतो. गंगाखेडला परभणी रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. तिथं फळीवर पान्यांच्या शेजारी तीन वस्तू असतात. कुंकवाची डबी, डिझेलची बाटली आणि खडूच्या पुडीचा डबा. गाडीचं चाक उतरवून तो त्याला कुंकू फासायला लागला, की गाडीवाला विचारतो, "मामा, आज अमावस्या हाय का?"

"न्हाई. तपासणी हाय," एवढंच तो म्हणतो.

सहावीला तो माझा विद्यार्थी होता. गणितात जेमतेम. पण मी फळा पुसून नवं उदाहरण घातलं, की हा मागच्या बाकावरून पुसलेलं वाचून दाखवायचा. "सर, खाली अजून सात दिसायलाय." वर्ग हसायचा, मला राग यायचा. त्याच नजरेचे उपकार पुढं माझ्या घरावर व्हायचे होते.

कुंकवाची गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. दिनकरराव नावाचे शेतकरी नव्या गाडीची पूजा पोखर्णीला नरसिंहापुढं करून आले होते. हौसेनं चारी चाकांना ओलं कुंकू माखलेलं. आठवड्यातच एका चाकातली हवा कमी व्हायला लागली. वीरभद्रनं चाक धुतलं. सगळं कुंकू गेलं, पण आतल्या बाजूला चाकाच्या धातूवर केसाएवढी एक तांबडी रेघ राहिली. घासली तरी जाईना. दिनकररावांना एका लग्नाला जायची घाई. "अरे, देवाचं कुंकू हाय ते, राहू दे की!" वीरभद्रनं चाक बसवून दिलं.

चौथ्या दिवशी ते चाक त्या रेघेवरच फुटलं आणि गाडी उसात शिरली. दिनकररावांच्या पत्नी बायनाबाई यांचा उजवा हात मोडला. त्यांनी वीरभद्रला एका शब्दानं बोल लावला नाही. तो भेटायला गेला तेव्हा बायनाबाईंनी त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला, डाव्या हातानं. तो डावा हात वीरभद्र विसरला नाही.

त्यानंतर त्यानं ही रीत बसवली. डिझेलमध्ये कालवलेलं कुंकू चाकाला लावायचं, तासभर थांबायचं, स्वच्छ पुसायचं आणि वरून पांढरी पूड भुरभुरायची. चाकाला भेग असेल तर आत मुरलेला रंग पुडीवर उमटतो. पुडीसाठी त्यानं आधी देवघरातली विभूती उचलली होती. त्याची बायको गौराबाई कडाडली, "कुंकू तर नेलंच, आता विभूती बी? माझ्या कपाळापरिस चाकालाच जास्ती लागायलंय!" मग तो माझ्याकडं खडू मागायला आला. निवृत्त झालो तरी माझ्याकडं दोन खोकी उरलेली होती.

माझी मुलगी राजेश्री पालमच्या एका दवाखान्यात नर्स आहे. रोज स्वतःच्या गाडीनं जाते. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पुढच्या डाव्या चाकातली हवा दर दोन दिवसांनी कमी व्हायला लागली. शोरूमवाल्यांनी दोनदा गाडी ठेवून घेतली आणि दोन्ही वेळा कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. शेवटी एका सकाळी आम्ही वीरभद्रकडं गेलो. त्यानं कुंकू लावलं, पुसलं, पूड टाकली. एका आऱ्याच्या मुळाशी दोन बोटं लांब तांबडी रेघ हळूहळू वर आली.

"दादा, स्टेपनी लावा अन् सोडा मला. बाराला ड्युटी हाय," राजेश्री म्हणाली.

"आधी बाकीची बघतो, ताई."

बघितली. उजव्या चाकालाही रेघ, तशीच, त्याच जागी.

"स्टेपनी एक हाय, अन् फुटायलेली चाकं दोन. गाडी हितंच राहील."

"असं कसं, दादा? तिकडं एक बाई बाळंत व्हायलीय!"

तिचा चेहरा पाहून मीही बोललो. "वीरभद्र, एवढा आजचा दिवस जाऊ दे. हळू चालवील ती."

त्यानं चाक जमिनीवर आडवं टाकलं आणि त्याच्यावर बसला. "सर, तुमी सांगू नका. तुमचा शब्द मी मोडला न्हाई कधी. पण एकदा सोडलीय मी गाडी."

मग तो उठला, दुकान माझ्यावर सोपवलं आणि राजेश्रीला मोटारसायकलवर बसवून एसटी स्टँडवर नेलं. पालमची गाडी सुटतच होती. हा आडवा उभा राहिला. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, पण थांबला. बाळ जन्मलं तेव्हा राजेश्री तिथं होती.

कंपनीला पत्र मी लिहायला घेतलं. वीरभद्र शेजारी बसून म्हणाला, "सर, विनंती लिवू नका. तक्रार लिवा." फोटो जोडले. तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस आला, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "खड्ड्यात आदळलंय."

"दोन चाकं, दोन बाजूला, अन् खड्डा नेमका त्याच आऱ्याला लागला? लय हुशार खड्डा हाय, साहेब," वीरभद्र म्हणाला आणि डबी त्याच्यापुढं धरली. "माझ्यावर इसवास ठेवू नका. तुमच्या हातानं लावा."

त्या माणसानं बाह्या सरसावून कुंकू लावलं. तासभर दोघं चहा पीत ऊस आणि पावसाविषयी बोलत राहिले. पुडीवर रेघ उमटली, तेव्हा त्यानं वाकून बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही चाकांवर कोरलेले नंबर लिहून घेतले. वीरभद्रनं जिंकल्यासारखं काही दाखवलं नाही. त्याला फडकं दिलं फक्त. "हात पुसा साहेब, घरी इचारतील."

महिन्याभरात चारी चाकं बदलून आली. बसवण्याआधी वीरभद्रनं त्यांनाही कुंकू लावून पाहिलं. पूड पांढरीच राहिली, तेव्हा कुठं त्यानं जॅक खाली घेतला.

यंदाच्या संक्रांतीला राजेश्री गौराबाईकडं वाण घेऊन गेली, मी सोबत होतो. तिनं पिशवीतून कुंकवाच्या दोन डब्या काढल्या, एक लहान, एक चांगली मोठी.

"वहिनी, ही तुमच्या कपाळाची."

"अन् ती मोठी?"

"ती दादांच्या चाकांची. आता तुमच्या डबीला हात लावायचं काम न्हाई."

गौराबाईनं मोठी डबी हातात तोलून पाहिली. "लय झालं. दोन वर्षं पुरंल." तिनं राजेश्रीला हळदीकुंकू लावलं. मग डबी उघडून चिमूटभर कुंकू घेतलं आणि बाहेर उभ्या राजेश्रीच्या गाडीच्या चारी चाकांना एकेक बोट लावून आली.

वीरभद्र दारातून पाहत होता. "आता ते पुसू नका, ताई," तो म्हणाला. "ते तपासणीचं न्हाई."