मावशीला कोणी विचारलं?

कर्करोग बाईला झाला, तर डॉक्टरांना उत्तरं घरच्या पुरुषांनी का द्यायची? माझ्या मावशीच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरची त्वचा राखून स्तन काढू आणि त्याच ऑपरेशनमध्ये नवा घडवू. यांच्या बाबतीत ते सुरक्षित आहे."

मावशी बोलणार, तोच तिचे यजमान, म्हणजे माझे काका, हसले. "या वयात कुठे मिरवायचंय? जीव वाचला म्हणजे झालं."

मावशी नुसती पदर सारखा करत राहिली. जीव आणि अंग यांत भांडण नाही, असंच तर डॉक्टरीणबाई सांगत होत्या. भांडण आम्ही लावलं. बाहेर आल्यावर मावशीने मला हळूच विचारलं, "मग माझे ब्लाउज तसेच बसले असते का गं?"

ऑपरेशन अजून व्हायचं आहे. उद्या पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे, तेव्हा मी काकांना बाहेर बसवणार आहे. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर तुम्हीही गप्प बसा आणि तिला बोलू द्या.