दार उघडं ठेवणारे आरोपी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईहून नगरच्या एका दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून नवाच आलो होतो. मारामारीतल्या एका म्हाताऱ्या आरोपीला खटला समजण्याइतकं भान आहे का, हे कोर्टाला कळवायचं होतं. मी दार लावलं की म्हातारबुवा उठून अदबीनं ते उघडायचे. मी लिहिलं, ‘अस्वस्थ.’

“घराबाहेर जाताना दाराचं काय करता?”

“आमच्या घराला दारच न्हाई.”

मी लिहिलं, ‘भ्रमिष्ट.’

सोबतचा हवालदार खाकरला. “साहेब, ते शिंगणापूरचे. तिथं कुनाच्याच घराला दार नसतं.”

मी घाईनं पुढचा प्रश्न विचारला, “कोर्टात जज्ज काय करतात?”

माझ्या कागदाकडं बघत म्हातारबुवा म्हणाले, “आदी समद्यांचं ऐकत्यात. मंग लिवत्यात.”

नव्या कागदावर मी लिहिलं, ‘आरोपीला पूर्ण भान आहे.’ तपासणाऱ्याबद्दल कोर्टानं काही विचारलं नव्हतं.