मुलाखालचे हात

आई गेली त्या दिवशी सकाळी मी चित्रातले तिचे हात सुरीने खरवडले. दुपारी ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसली आणि उठली नाही. ती जवस काढायला गेली होती.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी तुमसरजवळ प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि सुटीच्या दिवशी माझ्या जुन्या चित्रकलेच्या सरांकडून तैलरंग शिकत होतो. त्यांच्याकडे एका इटालियन चित्राची छापील प्रत होती. चारपाचशे वर्षांपूर्वीची मारिया, मांडीवर बाळ येशू. सर म्हणाले, “हेच उतरव. नक्कल करायलाही अक्कल लागते.”

चेहरा जमला, बाळही जमलं. हात अडले. छपाई तिथे काळी पडली होती, मारियेची दोन बोटं तेवढी दिसत होती. मी आईला प्रत दाखवली.

“कोण होय हे बाई?”

“देवाची माय.”

“देवाची माय, अन् लेकरू दोन बोटांनी धरते? पडंल ना! हिनं चिखलात धानाचा रोवणा नाही केला वाटते कधी.”

मग कसं धरायचं ते दाखव, मी म्हटलं. घरात तान्हं मूल नव्हतं, म्हणून तिने कोहळं मांडीवर घेतलं. एक पंजा पसरून खाली, दुसरा पाठीशी. चिखलाने भेगाळलेली बोटं, नखांच्या कडा झिजलेल्या. शेजारीण डोकावली तेव्हा आई तिला म्हणाली, “पोट्टा मास्तर झाला, अन् मायले कोहळं खेळवाले बसवून राहिला.” दोघी किती वेळ हसत होत्या. मी मात्र “हलू नको” म्हणून चिडलो.

डाव्या हाताचा अंगठा झाला आणि रंगात घालायचं तेल संपलं. नागपूरहून आणलेली छोटी बाटली होती ती. आईने विचारलं, “कायचं तेल होय?” जवसाचं, म्हटल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघरातला डबा घेऊन आली. तेलघाण्यावरून काढलेलं, भाजीत घालायचं तेल. मी ते सढळ हाताने रंगात मिसळलं आणि उरलेले हात पुरे केले.

भाजीचं कच्चं तेल रंगात लवकर सुकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं; ते हात वाळलेच नाहीत. चेहरा कोरडा, बाळ कोरडं, अंगठाही वाळला; बाकीचे हात महिनाभर बोटाला चिकटत होते. गिरणीकडून वारा आला की भाताचा कोंडा त्यांच्यावर बसे. आई जाता-येता पाहायची आणि म्हणायची, “माहे हात तसेच राहतेत. धुतले तरी चिखल निघत नाही.”

मग सर आले. बराच वेळ पाहून म्हणाले, “चेहरा इटलीचा आणि हात आपल्या भाताच्या बांधीतले? ही नक्कल नाही. काढून टाक, प्रतीत आहे तेवढंच काढ.” मला ओशाळल्यासारखं झालं. हात खरे आहेत, हे मला माहीत होतं. तरी सर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी घेतली. रंग ओला होता, सायीसारखा निघाला. आई विळा घेऊन निघाली होती. तिने दारातून पाहिलं. “काहून काढलेस?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, “चुकले होते.”

तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

आईचा फोटो कधी काढलेला नव्हता. तेराव्यानंतर मी ते हात पुन्हा काढायला बसलो. कोहळं मांडीवर घेऊन आरशासमोरही बसलो. आरशात खडू धरणारे हात होते. तिची करंगळी कुठे वळायची, भेग कोणत्या बोटाला होती, काही आठवेना. इतके दिवस समोर बसवून मी हात पाहिले होते की नुसते रंग, कोण जाणे. सर एकदा म्हणाले, “मी उगाच बोललो.” त्यांना दोष देऊन उपयोग नव्हता. सुरी माझ्या हातात होती.

त्यानंतर मी तैलरंग घेतले नाहीत. चित्र माझ्या खोलीत आहे. मारियेचा चेहरा आहे, बाळ आहे, बाळाखाली कॅनव्हासचं उघडं कापड आहे. बाटलीतल्या तेलाने रंगवलेला डाव्या हाताचा अंगठा सुरीने निघाला नव्हता. तो आहे.